फोन आला की पिवळी गोळी

औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचा चेहरा नंतर दिसतो, आधी हात दिसतात. चिठ्ठी पुढे करणारे हात. रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळच्या आमच्या दुकानात मी तीस वर्षं असे हात बघितले. मासळी साफ करून आलेले, कलमांवर फवारणी करून आलेले, खडूने पांढरे झालेले. त्यात काही हात असे असायचे की चिठ्ठी न वाचताच मला कळायचं, हे आमवाताचे हात. बोटांची पेरं सुजलेली, अंगठी बोटातून काढून गळ्यातल्या दोऱ्यात ओवलेली, आणि चिठ्ठी चिमटीत न धरता दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरलेली.

आता दुकान माझी भाची सांभाळते. मी सकाळी दोन तास जाऊन बसते, तिच्या कामात नाक खुपसते आणि तिने डोळे मोठे केले की घरी येते. अंकासाठी दुकानातल्या गमतीजमती लिहा, असा संपादकांचा निरोप आला. गमती पुष्कळ आहेत. पण मला लिहायचं आहे ते एका चुकीबद्दल. ती चूक माझी होती, आणि ती करताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आमवात म्हणजे वयोमानाने गुडघे दुखतात तो नव्हे. ह्यात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटून स्वतःच्या सांध्यांवर चाल करते. सकाळी उठल्यावर तास-दोन तास बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. ह्यावरची औषधं साधारण तीन प्रकारची. एक, साधी वेदनाशामकं, जी दुखणं झाकतात. दोन, स्टेरॉइड, ज्याने दोन दिवसांत माणूस उड्या मारायला लागतो आणि म्हणूनच ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करावं लागतं. आणि तीन, मुळावर काम करणारी संथ औषधं. ती लागू पडायला दोन-तीन महिने घेतात. तोवर पेशंटचा धीर सुटतो, डॉक्टर डोस थोडा चढवतात, रक्त तपासतात, पुन्हा चढवतात किंवा उतरवतात. ह्या सगळ्या खटाटोपात पेशंटला रोज भेटतो तो डॉक्टर नव्हे, आम्ही दुकानदार. संधिवाताचे डॉक्टर आमच्याकडे कोल्हापूरहून महिन्यातून एक शनिवार यायचे. उरलेले एकोणतीस दिवस लोक मलाच विचारायचे.

आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर यायचे. त्यांनी दुखण्याला रोज शंभरपैकी गुण द्यायची वही केली होती. दुखणं पस्तीसच्या खाली गेलं की ते नापास, म्हणून त्या दिवसापासून गोळी बंद. महिन्याभराने दुखणं पहिल्या वर्गात पास होऊन परत यायचं आणि मास्तर काठी टेकत दुकानात यायचे. मी सांगायची, "सर, ते गोळीमुळे नापास झालं होतं." ते वही उघडून मला आकडे दाखवायचे. तीन वेळा असं झाल्यावर त्यांनी वहीत गोळीचा वेगळा रकाना आखला आणि मग गोळी सोडली नाही. मास्तरांचा हिशेब चुकीचा असला तरी त्यांना वाचता येत होतं, ही केवढी मोठी सोय होती, ते मला शेवंतीबाई आल्यावर कळलं.

शेवंतीबाई संगमेश्वरच्या आतल्या बाजूच्या एका डोंगरवाडीतल्या. नवरा वारलेला, एकुलता मुलगा संतोष मुंबईला नोकरीत, थोडी भातशेती आणि दोन म्हशी. म्हशीची धार काढता येईना म्हणून त्या पहिल्यांदा डॉक्टरांकडे आल्या होत्या. त्यांना मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं. हे औषध आमवातात फार कामाचं, पण त्याचा नियम एकच आणि कडक आहे. गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर तेच औषध जिवावर उठतं. डॉक्टर चिठ्ठीवर ठळक लिहितात, आम्ही पाकिटावर लिहितो. पण शेवंतीबाईंना अक्षरओळख नव्हती.

न वाचणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आमच्या धंद्यात जुन्या युक्त्या आहेत. पाकिटाचा एक कोपरा कापला तर गोळी दिवसातून एकदा, दोन कापले तर दोनदा. सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्रकोर. पण आठवड्यातून एकदा हे कसं कापायचं? मी त्यांना म्हटलं, रविवारी घ्या. त्यावर त्या हसल्या. "आमच्याकडे वार कोण मोजतो, ताय? म्हशींना काय आयतवार असतो?"

मग बोलता बोलता कळलं की संतोष दर रविवारी दुपारी फोन करतो. त्याची सुट्टी त्याच दिवशी. रेंज फक्त पडवीच्या खांबापाशी यायची, म्हणून मोबाइल त्या खांबालाच पिशवीत टांगलेला असायचा. मला एकदम सुचलं. मी पाकिटावर पेनाने फोनचं चित्र काढलं आणि सांगितलं, "संतोषचा फोन आला की ही पिवळी गोळी. हे पाकीटही त्याच पिशवीत ठेवा." त्यांनी मान डोलावली. चार महिने हे घड्याळासारखं चाललं. त्यांची सूज उतरली, अंगठी बोटात परत आली. औषध विक्रेत्यांच्या एका बैठकीत मी ही युक्ती सांगितली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन नवऱ्यालाही ती दोनदा सांगितली.

पुढचा पावसाळा जोराचा होता. घाटातला रस्ता दर दोन दिवसांनी बंद पडत होता, म्हणून डॉक्टरांनी डोस जरासा चढवताना शेवंतीबाईंना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून दिल्या. आठवड्याला एक, अशा आठ. रक्ताची तपासणी महिन्याने तिकडेच करून घ्यायची होती. मी पाकिटावर नवा फोन काढला, जुन्यापेक्षा सुबक.

अकराव्या दिवशी सकाळी त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या. ओठ सुजलेले, कोपऱ्यातून फुटलेले. "तोंड आलाय, ताय," त्या कशाबशा म्हणाल्या. "पेजसुद्धा गिळवत नाय. कायतरी लावायला द्या." मी मलम काढायला वळले, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून माझं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. "आणि ही संपली."

मी म्हटलं, संपली कशी, दोन महिन्यांच्या होत्या. त्यांचा चेहरा त्या दुखऱ्या ओठांसकट उजळला. संतोषची बायको सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण जीव एवढासा, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती. आईला काळजी वाटू नये म्हणून संतोष आता रोज फोन करत होता. आज दूध पाजलं, आज वजन वाढलं, आज डोळे उघडले. आणि रोज फोन ठेवला की त्या पिशवीतून गोळी काढून घेत होत्या.

"एका दिवशी दोनदा फोन केलान," त्या म्हणाल्या. "तवा मी एकच घेतली. तेवढी अक्कल हाय मला."

स्टुलावर बसून मी ते पाकीट बघत राहिले. त्यावरचं चित्र माझं होतं, सुबक होतं. त्यांनी काहीही चुकवलं नव्हतं. मी सांगितलं होतं ते एकूण एक पाळलं होतं.

मी कोल्हापूरला डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी किती दिवस, किती गोळ्या, ताप आहे का, एवढंच विचारलं आणि म्हणाले, ताबडतोब दाखल करा, एक इंजेक्शन लागेल. मग त्यांनी विचारलं, "पण ह्यांनी रोज का घेतली?"

"मी सांगितलं होतं तशीच घेतली," मी म्हटलं. मग त्यांनी इंजेक्शनचं नाव सावकाश उच्चारून सांगितलं.

दुकानाला कुलूप लावून मी त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं. रक्ताचा नमुना गेला तेव्हा प्रयोगशाळेतल्या तपासनीसाची जेवणाची वेळ झाली होती. त्याने डबा बाजूला ठेवला आणि नमुना लावला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या होत्या. अंगात रोगाशी लढायला काही उरलं नव्हतं, साधं पडसंही महागात पडलं असतं. ते इंजेक्शन रत्नागिरीतल्या एकाही दुकानात नव्हतं. कोल्हापूरच्या एका ओळखीच्या विक्रेत्याने ते दुपारच्या एसटीत कंडक्टरकडे दिलं आणि मी तीन वाजल्यापासून स्टँडवर छत्री घेऊन उभी राहिले. आंबा घाटात वाहतूक एकेरी सोडत होते. गाडी सव्वापाचला लागली. कंडक्टरने पाकीट शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणलं होतं. "काचेचं आहे म्हणाले, म्हणून खाली ठेवलंच नाही," तो म्हणाला. त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही. आजही कोल्हापूरची गाडी लागली की मी कंडक्टरचं तोंड बघते, तोच असेल का म्हणून.

पुढचे सहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तिसऱ्या दिवशी शेवंतीबाईंना ताप चढला. त्याच दिवशी संतोष आला, बायको आणि काचेच्या पेटीतली मुलगी मुंबईत ठेवून. मी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. फोनचं चित्र, माझी युक्ती, टाळ्यासुद्धा. म्हटलं, तुझ्या आईची काही चूक नाही, माझी आहे, तुला तक्रार करायची असेल तर मी कागदावर लिहून देते.

"फोन तर मीच करत होतो ना, मॅडम," तो म्हणाला आणि आईसाठी पाणी भरायला निघून गेला. त्याने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण त्याने त्या ओझ्याचं एक टोक उचललं, ह्याचे उपकार मी विसरलेले नाही.

आत गेले तर शेवंतीबाई जाग्या होत्या. माझे डोळे बघून त्यांना काय ते कळलं असावं. तोंडातल्या फोडांमुळे एकेक शब्द तोलत त्या म्हणाल्या, "ताय, रडू नका. मला नात बघायची हाय. ती आदी बघूया. चूक कुणाची ता मागनं बघू."

सहाव्या दिवशी पेशी वर चढू लागल्या. तपासनीस स्वतः जिना चढून सांगायला आला. पंधरा दिवसांनी त्या घरी गेल्या आणि काही आठवड्यांनी मुंबईत नातही पेटीतून बाहेर आली. मी मांडवीला जाऊन समुद्राकडे तोंड करून तासभर नुसती बसले. एरवी मी देवाला फारसा त्रास देत नाही. त्या दिवशी दिला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. औषध थांबलं म्हणजे आमवात थांबला असं होत नाही. गणपतीत संतोष बायकोला आणि लेकीला घेऊन गावी आला तोवर शेवंतीबाईंची बोटं पुन्हा सुजली होती, मनगटं वळत नव्हती. मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवावं लागलं. त्यांना तिला उचलून घेता येईना. डॉक्टरांनी तोवर अगदी कमी मात्रेत स्टेरॉइड दिलं होतं आणि एक सौम्य औषध सुरू केलं होतं, ज्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचे, कळशी बोटांनी न धरता कवेत घ्यायची, एवढंच काय ते त्यांच्या हातात होतं. दोन महिने वाट बघितली, फरक थोडाच पडला. रक्त सगळं ठीक होतं. मग एका शनिवारी डॉक्टर म्हणाले, मला तीच पिवळी गोळी पुन्हा सुरू करावीशी वाटते, कमी मात्रेपासून.

मी घाबरले. शेवंतीबाई चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या तेव्हा मी त्यांना सरळ म्हटलं की दुसऱ्या दुकानातून घ्या, किंवा घेऊच नका, डॉक्टरांना दुसरं काही लिहायला सांगा. इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकाला परत पाठवण्याचा तो पहिलाच प्रसंग.

त्या हलल्या नाहीत. चिठ्ठी दोन तळव्यांत तशीच धरून म्हणाल्या, "गोळी वाईट नाय, ताय. तिनं चार महिने मला माजे हात दिलेले. खूण तेवढी वाईट होती. दुसरी खूण काढा, पन तुमीच काढा."

मी विचार करायला दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत मला कळलं की माझी खूण चुकली ती का. ती मी हुशारीच्या भरात काढली होती आणि त्यांच्याकडून एकदाही वदवून घेतली नव्हती. फोन रोज आला तर काय कराल, एवढा साधा प्रश्न मी विचारला नव्हता. माणसाचं सुख-दुःख वेळापत्रक बघून येत नाही, हे तीस वर्षं औषधं विकणाऱ्या बाईला सुचायला हवं होतं.

शेवटी मी भिंतीवरची दिनदर्शिका घेतली. पट्टीवरच्या गोळ्या कात्रीने एकेक सुट्ट्या कापल्या, प्रत्येक गोळी तिच्या वेष्टणासकट छोट्या पाकिटात घातली आणि ती पाकिटं रविवारच्या तांबड्या आकड्यांवर स्टेपल केली. एका वेळी चारच. तारखेवरचं पाकीट फाडायचं, गोळी घ्यायची, रिकाम्या आकड्यावर कुंकू लावायचं. आज कुठला आकडा आहे ते शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंनी रोज सकाळी येता-जाता बोट ठेवून दाखवायचं ठरलं. मग मी म्हटलं, आता हे सगळं तुम्ही मला सांगा. त्यांनी सांगितलं. मी विचारलं, संतोषचा फोन आला तर? "तर बोलायचा," त्या म्हणाल्या. पाकीट हरवलं तर? गोळी घ्यायची विसरली तर? ताप आला, तोंड आलं तर? त्या अर्धा तास मला उत्तरं देत होत्या आणि मागे रांग कुरकुरत होती. तेव्हापासून आमच्या दुकानात आठवड्याची गोळी ह्याच रीतीने जाते. गिऱ्हाइकाने आधी आम्हाला समजावून सांगायचं, मग पाकीट मिळायचं. भाचीनेही हे चालू ठेवलंय, आणि माझ्यापेक्षा जास्त छळते.

शिमग्याला संतोष आला तेव्हा ते सगळे परत जाताना दुकानात आले. शेवंतीबाई पायरी चढल्या त्या नातीला कडेवर घेऊन, आणि तिला अलगद माझ्या काउंटरवर, वजनकाट्याच्या शेजारी बसवलं. पोरीने माझा चष्मा ओढला. संतोष हसला. मी उगाच कॅल्शियमच्या बाटल्या मांडत राहिले.

आता ती नात तिसरीत आहे. आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मला माझ्याच दुकानाचं कुलूप उघडता येईना. किल्ली बोटांत फिरेना. आठवडाभर मी ते थंडीवर ढकललं. रत्नागिरीत थंडी ती केवढी. मग रक्त तपासलं आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला, मला, समोर बसवून मेथोट्रेक्सेट कसं घ्यायचं ते समजावून सांगितलं. मीही मुकाट्याने त्यांना परत म्हणून दाखवलं.

सोपं गेलं नाही. औषध लागू पडेपर्यंतच्या महिन्यांत हात पुढे केला की स्टेरॉइडची पट्टी हाताला लागत होती, आणि विचारणारं कोणी नव्हतं. एक-दोनदा अर्धी गोळी जादा घेतलीही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ओरडायचं सोडून डोस नीट बसवून दिला. ह्या दुखण्यात आपली लबाडीसुद्धा डॉक्टरांना सांगावी लागते, नाहीतर त्यांनी ठरवलेलं औषधाचं माप भलत्याच दुखण्याचं निघतं.

माझं दुखणं मी गिऱ्हाइकांपासून लपवत होते. शेवंतीबाईंना मात्र एका नजरेत कळलं. मी त्यांच्या गोळ्या कापत होते आणि कात्री निसटली. त्यांनी काउंटरवरून हात पुढे करून माझी बोटं हातात घेतली, पेरांवरून अंगठा फिरवला आणि कात्री उचलून स्वतःच गोळ्या कापल्या. चारही, सरळ रेषेत. त्या दिवसापासून त्यांनी मला तुम्ही म्हणणं सोडलं.

मला औषध मिळालं, डॉक्टर मिळाले, वाचता येतं, हाताशी भाची आहे. त्यामुळे कुरकुर करायला मला तोंड नाही. हा लेख मी एका बोटाने टाइप केलाय, पण मीच केलाय. आणि माझ्या स्वयंपाकघरातही आता एक दिनदर्शिका आहे, तांबड्या आकड्यांवर पाकिटं लावलेली. तरी दर रविवारी दुपारी, जेवणं उरकता उरकता, डोंगरावरच्या त्या पडवीतल्या खांबापाशी उभी राहून एक बाई मला फोन लावते. सकाळी पेरं किती वेळ आखडली होती ते विचारते, नातीने काय पराक्रम केला ते सांगते. आणि ठेवता ठेवता प्रत्येक वेळी तेच बजावते.

"फोन आला म्हणून घेऊ नको हां, बाय. आयतवार हाय म्हणून घे."